सिंहगडचा उदेभान : बखरीतला आणि पडद्यावरचा

तानाजी मालुसऱ्यांची कथा हिंगोलीत कोणास नव्याने सांगावी लागत नाही. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत आपला हा मुलूख निजामाच्या राज्यात, वरचे शिक्षण उर्दूतून; तेव्हा सिंहगड आम्हांस भेटला तो शाहिराच्या तोंडून, आणि पुढे पडद्यावर. आज आम्ही तानाजीकडे नव्हे, त्याच्या शत्रूकडे पाहणार आहोत.

लढाई १६७० च्या फेब्रुवारीतली. सभासदाने बखर लिहिली ती त्यानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी. तीत घोरपड नाही. दोन मावळे वानरांसारखे कडा चढतात. तानाजीची ढाल तुटते, दुसरी वेळेवर मिळत नाही, तो डाव्या हाताचीच ढाल करतो आणि दोघेही ठार होतात. सभासद दोघांनाही मोठे योद्धे म्हणतो. उदेभान मोगलांचा किल्लेदार; तरी बखरकाराने त्याचे शौर्य नाकारले नाही.

मग तुळशीदास शाहिराचा पोवाडा आला. त्यात उदेभानाला अठरा बायका मिळाल्या, चंद्रावळी हत्ती मिळाला. शाहिराला फड जिंकायचा असतो, त्याला दोष कसा द्यावा? पण हरिभाऊ आपट्यांनी ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीत कमलकुमारी आणली, आणि उदेभान परस्त्रीवर बळजबरी करू पाहणारा खलपुरुष झाला. चित्रपटांनी धरली ती हीच वाट. बाबूराव पेंटरांचा ‘सिंहगड’ १९२३ चा, मूकपट (त्यात शेलारमामा झाले होते तरुण शांताराम!), प्रभातचा बोलपट १९३३ चा. दोहोंचा आधार आपट्यांची कादंबरीच. २०२० च्या हिंदी ‘तान्हाजी’त तर उदेभान म्हणजे निव्वळ क्रौर्य, आणि कमलही तिथे आहेच.

चित्रपटाला खलपुरुष लागतो, हे आम्हांस कळते. आमची तक्रार निराळी आहे. तानाजीने उघड्या हातावर वार झेलले ते तोलामोलाच्या योद्ध्याचे. समोर श्वापद उभे केले की त्या युद्धाची शिकार होते, आणि उणेपणा येतो तो तानाजीलाच. उदेभान पडला की चित्रपटगृहात शिट्ट्या होतात. आम्हीही एकदा टाळ्या पिटल्या आहेत. घरी येऊन बखर उघडली तेव्हा थोडे ओशाळलो. तिच्यातला हा मजकूर थोडकाच आहे, जेवणानंतर बसल्या बैठकीला वाचून होतो.