ओळंबा, डोंगर आणि संकेत : वऱ्हाडातील एक जुने प्रकरण

भ्रमणध्वनीचे स्थान निश्चित करताना अडथळ्यांमुळे येणारी चूक हा विषय सामान्यतः अभियांत्रिकीचा समजला जातो. तथापि, याच जातीचा प्रश्न एकोणिसाव्या शतकात वऱ्हाडात उपस्थित झाला होता, हे दाखविणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय.

मनोऱ्यापर्यंत संकेत पोहोचण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर काढतात. एका मायक्रोसेकंदाचा फरक म्हणजे सुमारे ३०० मीटर. मध्ये डोंगर आला की संकेत अडतो, किंवा समोरच्या कड्यावर आदळून लांबच्या वाटेने येतो. अडलेला संकेत निदान कळतो. वळसा घालून आलेला मात्र चुकीचे उत्तर बिनबोभाट देतो आणि मेळघाटातील दरीतून मदत मागणाऱ्याचा शोध भलत्याच टेकडीवर सुरू होतो.

विल्यम लॅम्ब्टन यांनी दक्षिणेकडून आणलेली रेखांशवृत्ताची मोजणी एलिचपूर (आजचे अचलपूर) भागातील टाकळ खेडा या ठाण्यापर्यंत पोहोचली होती. दि. २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले व काम जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे आले. धुरकट हवेत दृष्टी अडे, तेव्हा एव्हरेस्ट रात्री दिवे लावून निरीक्षणे घेत. हा अडथळा उघड होता, म्हणून उपायही सापडला. टाकळ खेड्याची अडचण निराळी होती. उत्तरेकडील सातपुड्याचे वस्तुमान ओळंब्याला आपल्याकडे खेचते आणि त्यामुळे ताऱ्यांवरून काढलेला अक्षांश किंचित कमी येतो, ही शंका एव्हरेस्ट यांनी १८३० च्या ग्रंथात गणितासह मांडली. पुढील मोजणीत त्यांनी दमरगिडा, कल्याणपूर व कलियाना ही ठाणी मुख्य मानली. टाकळ खेडा त्यांत नाही.

दोन्ही चुका एकाच बाजूच्या आहेत. वळसा घेतलेला संकेत अंतर वाढवितोच, कधी कमी करीत नाही. चुकीची दिशा अशी आधीच ठाऊक असणे ही दुरुस्तीतील मोठीच सोय म्हटली पाहिजे. परंतु दिशा कळली म्हणजे प्रमाण कळले असे नव्हे. कलियाना-कल्याणपूर दरम्यान प्रत्यक्ष तफावत ५.२३६ विकला होती. १८५५ मध्ये प्रॅट यांनी हिमालयाच्या आकर्षणावरून काढलेले उत्तर १५.८८५ विकला आले. नुसत्या गणिती प्रतिमानावर विसंबून केलेली दुरुस्ती येथे तिपटीने फसली असती.

म्हणून चौथ्या-पाचव्या मनोऱ्याची अंतरे घेऊन, इतरांशी न जुळणाऱ्या अंतरास कमी वजन देण्याची पद्धत प्रस्तुत लेखकास अधिक भरवशाची वाटते. अमरावती वा अकोला शहरात ती चालेल. दरीत जेथे जेमतेम एकच मनोरा लाभतो, तेथे ठिकठिकाणी संकेत प्रत्यक्ष मोजून त्यांचा नकाशा तयार करावा लागेल. आणि ते काम पायी हिंडूनच करावयाचे आहे.