स्तनपुनर्रचना

कर्करोगामुळे स्तन पूर्ण किंवा अंशतः काढल्यावर त्या जागी पुन्हा स्तनाचा आकार घडवण्याची शस्त्रक्रिया. ही नटण्यामुरडण्याची हौस आहे, असा समज घरातल्या माणसांपासून थेट विमा कंपनीच्या खिडकीपर्यंत आढळतो, आणि तो साफ चुकीचा आहे. पुनर्रचना हा कर्करोगाच्या उपचाराचाच भाग आहे. तिचा विचार पहिल्या शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधीच व्हायला हवा, कारण छेद कुठे घ्यायचा, किती त्वचा राखायची, स्तनाग्र वाचवता येईल का, हे नंतर ठरवून उपयोग नसतो. असा काही पर्याय असतो हे स्तन काढून झाल्यावर कळणे, ही या उपचारातली मोठी आणि टाळता येण्याजोगी उणीव आहे.

पुष्कळ जणींना पूर्ण स्तन गमावण्याची गरजच नसते. गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा भाग काढून नंतर किरणोपचार दिले, तर आयुर्मान स्तन काढल्याइतकेच राहते. इटलीत उम्बेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांच्या अभ्यासांचे वीस वर्षांचे निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले, त्यांतून हे स्पष्ट झाले. गाठ काढल्यावर पडलेला खड्डा त्याच स्तनातील ऊती सरकवून भरून काढण्याच्या तंत्राला ऑन्कोप्लास्टी म्हणतात. गाठ स्तनाच्या मानाने मोठी असेल, एकाच स्तनात दूरदूर अनेक गाठी असतील किंवा किरणोपचार देणे शक्य नसेल, तर मात्र स्तन काढावा लागतो.

इतिहास : 1895 मध्ये जर्मनीत विन्सेंट्स चेर्नी यांनी एका स्त्रीच्या अंगावरचीच चरबीची गाठ तिच्या काढलेल्या स्तनाच्या जागी बसवली. तरीही नंतरची कित्येक दशके हा विषय मागे राहिला. बाल्टिमोरच्या विल्यम हाल्स्टेड यांनी रूढ केलेल्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबर छातीचे स्नायूही जात. शिवाय नव्या स्तनाआड परतलेला रोग लपेल अशी धास्ती शल्यविशारदांना होती. ती निराधार ठरली आहे : पुनर्रचनेमुळे रोग परतण्याची शक्यता वाढत नाही.

इम्प्लांट : सिलिकॉनचे पहिले स्तन-इम्प्लांट 1962 मध्ये अमेरिकेत ह्यूस्टन येथे थॉमस क्रोनिन व फ्रँक जेरो यांनी बसवले. पुनर्रचनेत ते छातीच्या स्नायूखाली किंवा स्नायूवर ठेवतात. त्वचा अपुरी असल्यास आधी एक्स्पांडर, म्हणजे रिकामी पिशवी, बसवतात. जखम भरल्यावर रुग्ण दर एक-दोन आठवड्यांनी बाह्यरुग्ण विभागात येते, डॉक्टर त्वचेखालची झडप चाचपून तिच्यात सुई घालतात आणि थोडे सलाइन भरतात. त्या दिवशी छाती ताठल्यासारखी वाटते, एखाद-दुसऱ्या दिवसात ताण ओसरतो. पुरेशी त्वचा ताणली गेली की पिशवी काढून कायमचे इम्प्लांट घालतात. ‘कायमचे’ हा शब्द मात्र जपून घ्यावा, कारण कोणतेही इम्प्लांट जन्मभर पुरेलच असे नाही आणि पुढे ते बदलावे लागू शकते. शरीर त्याभोवती पातळ कोश तयार करते. हा कोश आवळला की स्तन कडक होतो, दुखतो. किरणोपचार घेतलेल्या छातीवर हे अधिक वेळा घडते. खडबडीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटांशी एका दुर्मीळ लसिकाकर्करोगाचा संबंध आढळल्याने अ‍ॅलर्गन कंपनीने 2019 मध्ये आपली तशी उत्पादने जगभरातून परत घेतली. म्हणून कोणत्या कंपनीचे, कोणत्या पृष्ठभागाचे इम्प्लांट बसवले, हे सांगणारे कार्ड मागून घ्यावे आणि जपून ठेवावे.

स्वतःची ऊती : शरीराच्या एका भागाची त्वचा व चरबी रक्तपुरवठ्यासह दुसरीकडे नेणे, म्हणजे फ्लॅप. या कल्पनेचा पुण्याशी जुना संबंध आहे. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळ एका वीटकाम करणाऱ्या कारागिराने कपाळाच्या त्वचेचे नाक करून दिले. ते वृत्त 1794 मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आले आणि युरोपातील शल्यविशारदांना दिशा मिळाली. कपाळाची त्वचा देठासह खाली वळवण्यामागचे तत्त्वच आज पाठीचा रुंद स्नायू काखेखालून पुढे आणताना वापरतात. हा पाठीचा फ्लॅप भरवशाचा आहे; मात्र हात वर करून ओझे उचलणाऱ्या स्त्रीला खांद्यातली थोडी ताकद कमी झाल्याचे जाणवू शकते.

पोटाचा फ्लॅप 1982 मध्ये कार्ल हार्ट्रॅम्फ यांनी मांडला. त्यात पोटाचा उभा स्नायूही वर नेला जाई, त्यामुळे पोटाची भिंत कमकुवत होऊन हर्निया होण्याची भीती असे. आजच्या डीआयईपी पद्धतीत स्नायू जागेवर राखून फक्त त्वचा, चरबी आणि त्यांना पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या घेतात. या वाहिन्या छातीच्या मधल्या हाडाजवळच्या वाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने जोडतात. सहा-आठ तास सहज लागतात. पहिल्या एक-दोन दिवसांत खरी कसोटी परिचारिकेची असते : ती तासातासाला नवा स्तन बोटाने दाबून सोडते, रंग किती वेळात परततो ते पाहते, हाताला तो कोमट लागतो ना याची खात्री करते आणि डॉप्लरच्या कांडीने नाडीचा आवाज ऐकते. रंग निळसर झाला तर रुग्ण ताबडतोब पुन्हा शस्त्रक्रियागृहात. असा स्तन वजनाबरोबर वाढतो-घटतो, हाताला नैसर्गिक लागतो आणि किरणोपचार झालेल्या छातीवर इम्प्लांटपेक्षा सहसा चांगला टिकतो. पोटावर चरबी नसेल तर मांडी किंवा नितंबाची ऊती घेता येते.

तंबाखूचा प्रश्न येथे कळीचा आहे. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि फ्लॅपची कड काळी पडू शकते. ‘विडी-सिगारेट ओढता का?’ एवढेच विचारून भागत नाही. महाराष्ट्रात मिश्री लावणाऱ्या बायका पुष्कळ आहेत आणि त्या तिला व्यसन मानत नाहीत, म्हणून आपणहून सांगत नाहीत. मिश्री ही भाजलेली तंबाखूच आहे, आणि शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीच ती सुटायला हवी.

पुनर्रचना त्याच वेळी करावी की नंतर, हे बहुधा किरणोपचारांवर ठरते. ते लागणार असतील तर अनेक शल्यविशारद काही महिने थांबणे पसंत करतात. काही वर्षांनंतरही पुनर्रचना होऊ शकते. स्तनाग्र काही महिन्यांनी स्थानिक त्वचेचे घडवतात किंवा गोंदून उठावदार दाखवतात. पूर्वीची स्पर्शाची जाणीव मात्र पूर्ण परतत नाही, हे आधीच स्पष्ट सांगितले पाहिजे.

पुनर्रचना न करणे हाही पूर्ण पर्याय आहे. त्यासाठीही सुरकुत्या व सैल कडा न ठेवता छाती सपाट शिवण्याचे कौशल्य लागते, आणि तशी मागणी रुग्णाने जरूर करावी. ब्राच्या कप्प्यात घालायचे सिलिकॉनचे किंवा सुती धाग्याने विणलेले कृत्रिम स्तन मिळतात. विणलेला हलका असतो, उकाड्यात सोसवतो आणि घरी धुता येतो.

खर्चाबाबत एक गोष्ट माहीत असावी. भारतातील आरोग्यविम्याच्या प्रमाणित अटींत सौंदर्यशस्त्रक्रिया वगळलेली असली, तरी अपघात, भाजणे किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना त्या वगळणुकीतून स्पष्टपणे बाहेर ठेवलेली आहे. दावा ‘कॉस्मेटिक’ म्हणून नाकारला गेल्यास पॉलिसीतील हेच कलम दाखवून लेखी हरकत घ्यावी, आणि डॉक्टरांच्या पत्रात ‘कर्करोगानंतरची पुनर्रचना’ हे शब्द आवर्जून लिहून घ्यावेत.