‘ह’ची पत
एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात ‘हाउस’ला ‘आउस’ म्हणणाऱ्या माणसाने कितीही पैसा मिळवला, तरी तोंड उघडताच त्याची पायरी कळायची. १८५४ साली ‘पुअर लेटर एच’ नावाची पुस्तिका निघाली आणि तिच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या झाल्या. मजुराला तिची गरज नव्हती. ती हवी होती व्यापारात वर आलेल्या, आता बड्यांच्या पंगतीत बसू पाहणाऱ्या माणसाला. न-णवरून जात ताडणाऱ्या आपल्या समाजाला ही धास्ती समजावून सांगायला नको. पण या ‘ह’चा मागोवा घेतला की दिसते ते असे: ही शुद्धता व्याकरणातून आलेली नाही. प्रतिष्ठितांची सवय आधी, नियम मागाहून.

जॉन वॉकर हा एके काळचा नट पुढे उच्चारशिक्षक झाला. १७९१ साली निघालेला त्याचा उच्चारकोश कितीतरी दशके प्रमाण मानला गेला. ‘ह’ गाळणे हा लंडनकरांचा दोष, असे तो बजावतो; पण ज्या शब्दांत ‘ह’ उच्चारायचाच नाही त्यांची यादीही देतो, आणि त्या यादीत ‘हॉस्पिटल’ आहे, ‘हंबल’ही आहे. म्हणजे ‘अंबल’ हा तेव्हा सभ्य उच्चार होता. साठ वर्षे उलटायच्या आत डिकन्सने ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधल्या युराया हीपच्या तोंडी हाच ‘अंबल’ घातला, आणि त्या एका शब्दात त्याची हलकी पायरी नि ढोंग दोन्ही उघडी पडली. स्पेलिंग तेच होते, पत तेवढी गेली होती. लिहितो तसे बोलावे, हा नियम म्हणावा तर ‘अवर’ आणि ‘ऑनर’मधला ‘ह’ आजही मुकाच आहे. याच वॉकरला ‘ग्लास’, ‘फास्ट’मधला लांब ‘आ’ गावंढळपणाकडे झुकणारा वाटे. पुढे तोच दक्षिण इंग्लंडातल्या उच्चभ्रू बोलीची खूण झाला. आणि ‘हंटिंग’, ‘शूटिंग’चा शेवटचा ‘ग’ गाळून ‘हंटिन’, ‘शूटिन’ म्हणणे ही तर विसाव्या शतकातही जमीनदार घराण्यांची लकब होती. तीच लकब मोलकरणीच्या तोंडी अडाणीपणा ठरे.

यावर म्हटले जाते की देश एकत्र चालायचा तर सर्वांना कळेल अशी एक प्रमाण बोली हवीच. १८७० च्या कायद्याने शाळा गावोगाव पोचवल्या, पुढे रेडिओ आला. १९२६ साली बीबीसीने राजकवी रॉबर्ट ब्रिजेसच्या अध्यक्षतेखाली उच्चार ठरवणारी समितीच नेमली. लेखनापुरता हा मुद्दा मला मान्य आहे. पण कळणे हाच हेतू असता, तर ॲलन रॉस या भाषाशास्त्रज्ञाने १९५४ साली नोंदवलेल्या जोड्यांचा अर्थ काय लावायचा? उच्चवर्ग हात पुसायचा तो ‘नॅपकिन’ला, मध्यमवर्ग ‘सर्व्हिएट’ला. वरच्यांकडे ‘लॅव्हेटरी’ आणि ‘लुकिंग-ग्लास’, खालच्यांकडे ‘टॉयलेट’ आणि ‘मिरर’. यांतला कोणता शब्द कोणाला कळत नव्हता? रॉसचे निरीक्षण नेमके होते: उच्चवर्ग आता शिक्षणाने, पैशाने किंवा स्वच्छतेने वेगळा ओळखू येत नाही, ओळखू येतो तो भाषेने. शिवाय ‘सर्व्हिएट’सारखे नाजूक फ्रेंच वळणाचे शब्द उचलले होते ते मध्यमवर्गाने, सभ्य दिसावे म्हणूनच. त्या धडपडीनेच तो उघडा पडला.

१९५५ साली लेखिका नॅन्सी मिटफर्डने ‘एन्काउंटर’ मासिकात रॉसचा विषय उचलला आणि देशभर चर्चा उसळली. तिने तर थट्टा केली होती, ती इतकी मनावर का घ्यायची, असेही कोणी म्हणेल. पण भीती आधीपासून नसती तर ती थट्टा झोंबलीच नसती. युद्धाच्या काळात, १९४१ साली, बीबीसीने यॉर्कशरच्या विल्फ्रेड पिकल्सकडून बातम्या वाचून घेतल्या, तेव्हा त्याच्या गावाकडच्या ढबीवर श्रोत्यांच्या तक्रारी आल्या. बातम्या त्याच होत्या. आणि आजचे पाहायचे तर, ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात वय, वंश, धर्म, लिंग, अपंगत्व अशा नऊ बाबींना भेदभावापासून संरक्षण आहे. सामाजिक वर्ग किंवा बोलण्याची ढब त्या नऊंत नाही.