वैधव्यानंतरची वाट : हिंगण्याचा आश्रम

१८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेस पुनर्विवाहाचा मार्ग मोकळा करून दिला. समाजाने मात्र तो बंदच ठेवला. धोंडो केशव कर्वे यांनी ११ मार्च १८९३ रोजी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी पुनर्विवाह केला, तेव्हा मुरुडच्या ग्रामस्थांनी त्यांना बहिष्कृत केले. पुनर्विवाह मोजक्याच स्त्रियांच्या वाट्यास येणार. उरलेल्यांचे काय, हा प्रश्न त्यानंतर कर्व्यांना अधिक बोचू लागला असावा. विधवेस स्वतःच्या पायांवर उभे करणारे शिक्षण हवे, या विचाराने त्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाचे कार्य आरंभिले. १९०० मध्ये आश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास एका झोपडीत गेला. फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापन आटोपून कर्वे पायी तेथे जात.

आश्रमाचे खरे फलित पाहावयाचे तर गोदूबाईंच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांच्याकडे पाहावे. ऐन तारुण्यात वैधव्य आलेले, पदरी लहान मुलगा, रूढीप्रमाणे केशवपन झालेले. त्यांनी पुनर्विवाह केला नाही. त्या शिकल्या, आश्रमाच्या कार्यकर्त्या झाल्या आणि गावोगाव वर्गणीसाठी फिरल्या. सोवळ्या वेशातील या बाईंचे बोलणे सनातनी घरांतही ऐकून घेतले जात असावे, असे मानण्यास जागा आहे. पुढे इंग्रजी शिकण्यासाठी व आश्रमाच्या निधीसाठी त्या थेट अमेरिकेस गेल्या आणि तेथे परक्यांच्या घरी घरकाम करून राहिल्या. त्यापूर्वीच केशवपन सोडून त्यांनी केस राखले होते.