कुक्स : वाडा, अरण्य आणि जप्त झालेले ग्रंथ

बोहेमियाच्या ईशान्य भागात, लाबे नदीच्या वनाच्छादित खोऱ्यात, काउंट फ्रांटिशेक अंतोनीन श्पोर्क (1662–1738) याने सतराव्या शतकाच्या अखेरीस कुक्स हे निवासस्थान उभारण्यास प्रारंभ केला. एका तीरावर वाडा, स्नानगृहे आणि नाट्यगृह. समोरच्या तीरावर रुग्णाश्रम, चर्च आणि त्याखाली घराण्याचे दफनगृह. विलास आणि मृत्यू यांची ही समोरासमोरची मांडणी बरोक वृत्तीचे उदाहरण म्हणून वारंवार सांगितली जाते. ती चुकीची नाही. मात्र तेवढ्यावर थांबल्यास कुक्सचा साहित्येतिहास नजरेआड होतो.

श्पोर्कचे वडील शेतकरी कुळातून साम्राज्याच्या सेनापतिपदापर्यंत पोचले होते. त्यांच्या मुलाने मिळालेली संपत्ती शिकार, ऑपेरा आणि शिल्पकला यांबरोबरच मुद्रणावरही खर्च केली. फ्रेंच धर्मचिंतनपर ग्रंथांचे जर्मन अनुवाद त्याच्या मुली करीत, विशेषतः मारिया एलिओनोरा. तो ते स्वखर्चाने छापून वाटत असे. या ग्रंथांपैकी काहींवर जान्सेनवादाची छाया होती. म्हणूनच 1729 साली सैनिक कुक्समध्ये आले, ग्रंथसंग्रह जप्त झाला आणि पाखंडाच्या आरोपाचा खटला काही वर्षे चालला. आक्षेप होता तो परभाषेतून आलेल्या विचाराच्या प्रसारावर. अनुवाद हा गौण व्यवहार मानणाऱ्यांनी या प्रकरणाकडे अवश्य पाहावे.

याच काळात जवळच्या अरण्यात मातिआश बर्नार्ड ब्राउन हा शिल्पकार जागच्या वालुकाश्मातच संन्याशांच्या आणि ख्रिस्तजन्माच्या आकृती कोरीत होता. या शिल्पांना चौथरा नाही. गारिनस हा तपस्वी हातापायांवर रांगत खडकातूनच बाहेर येतो, आणि मूर्ती कुठे संपते व डोंगर कुठे सुरू होतो हे ठरवता येत नाही. रुग्णाश्रमापुढील सद्गुण-दुर्गुणांच्या रूपकात्मक मूर्तीही ब्राउनच्याच. पण त्या वाचकाला अर्थ सांगतात, अरण्यातल्या मूर्ती सांगत नाहीत.

1740च्या महापुराने स्नानगृहांची वाताहत केली. पुढे योसेफोव्ह किल्ल्याच्या बांधकामासाठी अरण्यातील काही शिल्पांचा दगड फोडून नेण्यात आला. वाडा 1901 मध्ये पाडला गेला. त्याच्या जागी आज उतरत जाणारा जिना तेवढा दिसतो. समोर रुग्णाश्रम उभा आहे, आणि झाडीत शेवाळलेला गारिनस.