वाक्यांचा सांधा : दादोबांपासून पहिलीच्या इंग्रजीपर्यंत

आजचा विषय वरवर पाहता प्राथमिक शाळेतला आहे. मुलांना इंग्रजी वाक्यरचना आणि त्यातली उभयान्वयी अव्ययं कशी शिकवावीत? पिंपळे सौदागरमध्ये संध्याकाळी घरोघरी याच वह्या उघडलेल्या दिसतात. पण या शिकवण्यामागे पावणेदोनशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो ध्यानात घेतला तर मुलांच्या चुकांकडे आपण जरा वेगळ्या नजरेनं पाहू.

'उभयान्वयी अव्यय' हे नाव ऐकलं की वाटतं, हे थेट प्राचीन संस्कृत व्याकरणातून आलं असणार. पण यास्काच्या निरुक्तात शब्दांचे प्रकार चारच : नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. 'च', 'वा' हे जोडणारे शब्द निपातांतच मोडतात. शब्दांच्या आठ जाती ही मांडणी युरोपातली. ग्रीक-लॅटिन व्याकरणांतून ती इंग्रजीत आली. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचं 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण' प्रसिद्ध झालं, तेव्हा दादोबा विशीतले तरुण होते. त्यांनी संस्कृत परिभाषेच्या जोडीला इंग्रजी व्याकरणाचा साचाही घेतला. आपण घोकलेल्या आठ शब्दजाती मराठीत रुळल्या त्या या वाटेनं. पुढे १९११ मध्ये मोरो केशव दामले यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आलं. त्यात चिकित्सा पुष्कळ आहे, पण शाळेच्या फळ्यावर साचा राहिला तो राहिलाच.

आता या साच्यात काय नीट बसत नाही ते बघा. 'हात धुऊन जेवायला बस.' 'पाऊस थांबल्यावर निघू.' 'बस चुकल्यामुळे उशीर झाला.' प्रत्येक वाक्यात दोन क्रिया आहेत, पण उभयान्वयी अव्यय एकही नाही. मराठीत हा सांधा क्रियापदाच्या अंगातच असतो. इंग्रजीत अशा ठिकाणी बहुधा 'अँड', 'आफ्टर', 'बिकॉज' असा वेगळा शब्द लागतो, आणि 'आफ्टर', 'बिकॉज' यांच्यापुढे कर्ता-क्रियापदासह दुसरं वाक्य उभं करावं लागतं. म्हणजे मुलाला नुसता शब्द बदलायचा नसतो, वाक्याची बांधणीच बदलायची असते.

म्हणून काही चुका पुन्हापुन्हा होतात. मूल लिहितं, 'ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट.' आपण लाल रेघ मारतो. पण मराठीत 'जरी' आलं की 'तरी' येतं, ही जोडी आहे. मुलानं ती इमानेइतबारे इंग्रजीत नेली, एवढंच. तसंच 'तो म्हणाला, की मी येतो' यावरून 'ही सेड दॅट आय विल कम' होतं. मराठीत 'की' नंतरही बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे राहू शकतात. इंग्रजीत 'दॅट' आलं की तो 'आय' सांगणाऱ्याचा होतो, आणि येणारा माणूसच बदलतो! या चुका आळसाच्या नव्हेत. मुलाच्या डोक्यात एक पूर्ण व्याकरण आधीच काम करत असल्याचा तो पुरावा आहे.

जुन्या पिढीनं तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून इंग्रजी गिरवलं. मराठी वाक्य समोर ठेवायचं आणि त्याचं इंग्रजी करायचं. या पद्धतीत बोलणं मागे पडे, हा तिचा दोष खरा. पण दोन भाषांचे सांधे शेजारी ठेवून पाहण्याची सवय लागे, हा गुण आपण दोषाबरोबरच टाकून दिला.

मग २००० साल आलं. आपल्याच पिंपरी-चिंचवडचे प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते. त्यांच्या काळात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, तोवर ते पाचवीपासून असे. मोठा वाद झाला. लहान वयात ओझं नको, असं एक म्हणणं. इंग्रजी फक्त पैसेवाल्यांच्या मुलांपुरतं का, असा उलट सवाल. दोन्ही बाजूंत तथ्य होतं. पण इंग्रजी कितवीपासून, यावर जेवढं बोललं गेलं, त्या मानानं मुलाच्या मराठीचा हात धरून ते कसं शिकवायचं, यावर फार थोडं.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणून एक तर्कशास्त्रातली गोष्ट सांगतो. तर्कशास्त्रात 'आणि' व 'पण' यांची किंमत एकच. जोडलेली दोन्ही विधानं खरी असली की संपूर्ण विधान खरं. व्यवहारात तसं नसतं. 'ती मराठी शाळेत आहे आणि हुशार आहे' हे एक, आणि 'ती मराठी शाळेत आहे पण हुशार आहे' हे दुसरं. माहिती तीच आहे. पण त्या 'पण'मध्ये आपण त्या मुलीबद्दल आधीच काय धरून चाललो होतो, ते उघडं पडतं. असे 'पण' आपल्या बैठकीच्या खोल्यांत रोज उच्चारले जातात, आणि मुलं ते ऐकत असतात.

तेव्हा आजी-आजोबांना माझी विनंती. नातवाला 'बिकॉज'ची व्याख्या पाठ करायला लावू नका. आधी विचारा, 'उशीर का झाला?' तो म्हणेल, 'बस चुकल्यामुळे.' मग म्हणा, यातली दोन वाक्यं सुटी कर. 'बस चुकली. उशीर झाला.' कारण कोणतं, परिणाम कोणता, ते त्याला ओळखू द्या. त्यानंतर इंग्रजीतला सांधा दाखवा. आजी इंग्रजी शिकलेली नसली तरी यातलं अर्ध्याहून अधिक काम तिला करता येतं.