अमळनेरचे तत्त्वज्ञान मंदिर आणि ‘मी’चा प्रश्न

खानदेशातील अमळनेर एकीकडे संत सखाराम महाराजांच्या परंपरेमुळे आणि दुसरीकडे कापडगिरणीमुळे ओळखले जाते. तेथील गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले आणि पुढील काही दशके हे बोरीकाठचे गाव वेदान्त व अर्वाचीन पाश्चात्त्य तत्त्वज्ञान यांच्या गाठीभेटीचे ठिकाण म्हणून देशभरच्या तत्त्वचिंतकांना परिचित झाले. अर्वाचीन पाश्चात्त्य तत्त्वज्ञान म्हणजे सतराव्या शतकातील देकार्तपासून अठराव्या शतकातील कांटपर्यंतची विचारपरंपरा. ज्ञान खात्रीचे कशामुळे ठरते आणि जाणणारा ‘मी’ कोण, हे तिचे मध्यवर्ती प्रश्न होत.

महाराष्ट्राला हे प्रश्न अपरिचित नव्हते. टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त हॉब्जच्या स्वार्थवादाशेजारी बृहदारण्यकातील याज्ञवल्क्य-मैत्रेयी संवाद ठेवून, आरंभ सारखा भासत असूनही दोघे निरनिराळ्या निष्कर्षांना का पोहोचतात, याचा ऊहापोह केला होता. महाविद्यालयांत मात्र हा विषय परीक्षेच्या चाकोरीतच राहिला. तत्त्वज्ञान मंदिराने छात्रवृत्ती देऊन अभ्यासकांना एकत्र राहण्याची आणि सवडीने वाद करण्याची सोय केली, आणि हेच त्याचे सर्वांत मोलाचे कार्य मानले पाहिजे. प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ साली शिक्षक होण्यापूर्वी साने गुरुजीही अभ्यासासाठी येथेच आले होते.

या वादाचे स्वरूप एका उदाहरणावरून ध्यानात येते. देकार्तने १६४१ च्या ‘मेडिटेशन्स’मध्ये ज्यावर शंका घेता येते ते सर्व बाजूला सारले, तेव्हा शंका घेणारा ‘मी’ तेवढा शिल्लक उरला. शंकराचार्यांनीही, आत्म्याचा निषेध करणारा स्वतःच आत्मा असल्यामुळे त्याचा निषेध संभवत नाही, असे कितीतरी शतके आधी म्हटले होते. येथपर्यंत दोघांची वाट एक दिसते. परंतु देकार्त या ‘मी’ला विचार करणारे एक स्वतंत्र द्रव्य ठरवतो, तर शंकराचार्यांच्या परंपरेतला अद्वैती विचार करणाऱ्या अंतःकरणालाही दृश्यात, म्हणजे जाणल्या जाणाऱ्या गोष्टींत ढकलून त्यापलीकडे साक्षी चैतन्य मानतो. आत डोकावल्यावर सुटे अनुभव सापडतात, ‘मी’ कोठेच सापडत नाही, हा ह्यूमचा आक्षेप देकार्तला अडचणीत आणतो. अद्वैत्याला तो तितका बाधत नाही, कारण साक्षी हा सापडण्याजोगा विषय नव्हेच, असे तो आधीच सांगून चुकलेला असतो.

कांटने आत्मा विचाराला आवश्यक पण ज्ञानाला अगम्य मानला. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांनी तत्त्वज्ञान मंदिरानेच १९३० साली प्रसिद्ध केलेल्या ‘द सब्जेक्ट ॲज फ्रीडम’ या ग्रंथात याच कोंडीला हात घातला, आणि आत्म्याचा विचार करता येत नसला तरी विचाराविना त्याचे ज्ञान होण्याची शक्यता नाकारता येत नाही, या भूमिकेपर्यंत ते पुढे आले. कांटचा एवढा कसून वाचक अमळनेरला लाभावा, ही त्या काळची लहान गोष्ट नव्हती. १९३३ ते १९३५ या काळात ते संस्थेचे संचालक होते. १९३३ मध्येच जी. आर. मलकानी, रासविहारी दास आणि टी. आर. व्ही. मूर्ती या तिघांचे ‘अज्ञान’ हे पुस्तक निघाले. एकाच विषयावर तिघांनी स्वतंत्रपणे लिहावे आणि ते एकाच बांधणीत छापावे, ही रचनाच तेथील एकत्र अभ्यासाची साक्ष देते.

या उपक्रमाची मर्यादाही उघड होती. चर्चेची भाषा मुख्यतः इंग्रजी राहिली आणि मोजमाप बहुधा अद्वैताचेच. संस्थेचे १९२५ पासूनचे त्रैमासिक बंद पडल्यानंतर १९७३ साली पुणे विद्यापीठाने अमळनेरच्या केंद्राच्या सहकार्याने नवे त्रैमासिक सुरू केले, पण ही उणीव भरून काढण्याचा खरा प्रयत्न १९८३ साली पुण्यात झाला. मे. पुं. रेगे, दया कृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारंपरिक पंडितांना पाश्चात्त्य पद्धतीत घडलेल्या तत्त्वज्ञांसमोर बसवले आणि रसेलचे सिद्धान्त संस्कृतात मांडून त्यांवर पंडितांचे मत मागितले. विषय विसाव्या शतकातला असला तरी त्याची मुळे देकार्त आणि लॉक यांच्यापर्यंत जातात. मनाला प्रथम स्वतःच्या कल्पनाच कळतात, असे या दोघांनी मानल्यापासून बाह्य जग आहे कशावरून, हा प्रश्न युरोपच्या मागे लागला. न्यायदर्शनाच्या पंडिताच्या, म्हणजे नैयायिकाच्या मते ज्ञान थेट वस्तूलाच विषय करते, मध्ये कल्पनेचा पडदा नसतो, आणि म्हणून त्याला आधी हे विचारावे लागते की तो पडदा मानण्याची गरजच काय. या बैठकीचा वृत्तान्त ‘संवाद’ या नावाने १९९१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला.